मा. ईजीआर व्हॉल्व्ह यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. ईजीआर व्हॉल्व्ह साहेब,
मुक्काम डिझेल इंजिन, एमएच २२, जि. परभणी.

विषय : आपल्या तोंडावर पत्रा ठोकण्याच्या प्रस्तावाबाबत.

महोदय,

स.न.वि.वि. गाडीचा पिकअप गेला, की आमच्याकडे संशय टर्बोवर येतो आणि शिक्षा आपल्याला होते. मिस्तरी बॉनेट उघडण्याआधीच म्हणतो, "मामा, ईजीआरला पत्रा मारून टाकू, पळेल मग." मापात कापलेला पत्रा त्याच्या डब्यात तयारच असतो.

वास्तविक आपलं काम साधं. जळून बाहेर पडलेल्या धुरातला थोडा भाग ताज्या हवेत मिसळून पुन्हा आत पाठवायचा. त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. मे महिन्यात परभणीत पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर कशाचं तरी तापमान उतरवून दाखवणारे आपण एकटेच अधिकारी!

या सेवेचं बक्षीस म्हणून काजळी आणि इंजिनातल्या तेलाची वाफ मिळून आपल्या अंगावर थर चढतो. जिल्ह्यातल्या रस्त्यांना मिळालं नसेल एवढं डांबर आपल्याला फुकट मिळतं. मग आपण अडकता. उघडे अडकलात, तर ज्या धुराने टर्बो फिरायचा तोच आडवाटेने परत जातो. गाडी मरगळते, मागे काळा धूर. बंद अडकलात, तर गाडी बहुधा पळते, फक्त डॅशबोर्डवर इंजिनाची लाईट पेटते. म्हणजे काम करताना बिघडलात तर बोंब, कामच सोडलंत तर मालक खूश. नोकरी सरकारी नसूनही नियम तेच.

आता आमचं प्रकरण. गंगाखेड रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना गाडीने ऐनवेळी दम सोडला. स्कॅनरने कोड दिला पी ०२९९. गॅरेजात तो मृत्यूचा दाखला म्हणून वाचला गेला : "टर्बो गेला." कोडचं म्हणणं एवढंच, की मागितला तेवढा हवेचा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, हे शोधायला माणूस लागतो. तो निघाला हाताखालचा पोरगा. त्याने इंटरकूलरच्या खालच्या होसवर बोट फिरवलं, तर जोडापाशी तेलात भिजलेल्या मातीचा काळा पट्टा. रेस दिली, की तिथूनच सूंऽऽ. क्लिप ढिली होती. स्क्रूड्रायव्हरने आवळली. नव्या टर्बोचं एस्टिमेट मात्र उस्तादांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

तरीही "आता गाडी आलीच आहे तर" पत्रा मारायचा आग्रह सुटेना. साहेब, "जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आम्ही उगाच म्हणत नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली : चाचणीत धूर आवरायचा, रस्त्यावर मोकळा सोडायचा, असं तिचं सॉफ्टवेअर. पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांनंतर कंपनीने भारतातल्याही सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. जर्मनीला ज्यासाठी एवढे इंजिनिअर लागले, ते आम्ही पत्र्याच्या तुकड्यावर भागवतो.

आणि पकडणार कोण? पीयूसी केंद्रावर डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. उलट आपल्याला बंद केलं, की काजळी घटते आणि गाडी मानाने पास होते! लाईट पेटलीच तर लॅपटॉपवाला ती कायमची विझवून देतो. तक्रार तशीच, तक्रारदार गप्प. या पद्धतीचा अनुभव आम्हाला इतर खात्यांतून आहेच.

सबब, आपल्या हकालपट्टीचा प्रस्ताव आम्ही फेटाळत आहोत. आपणास खोलून, स्प्रे मारून, नवं गॅस्केट टाकून पूर्ववत रुजू करून घेण्यात येईल. आपणही अडकू नये, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक डिझेल गाडीधारक

प्रत माहितीस्तव : जिल्ह्यातील सर्व डिझेल गाडीधारक. टर्बोच्या एस्टिमेटवर सही करण्याआधी होस, क्लिपा आणि व्हॅक्यूमचे पाइप समोर उभं राहून तपासून घ्यावेत.