बहुधा केबल खराब असावी?

यूएसबीचं काही बिनसलं, की विंडोज ‘उपकरण ओळखता आलं नाही’ एवढं सांगून मोकळं होतं. लिनक्स वरकरणी तेवढंही सांगत नाही. पेनड्राइव्ह लावावा आणि पडद्यावर ढिम्म काही हलू नये. पण टर्मिनल उघडून डीमेसेज ही कमांड दिली, की मनात साठलेलं सगळं बाहेर येतं, तेही सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंतच्या नोंदीसह. माझ्या नव्याकोऱ्या मशीननं लिहून ठेवलं होतं: ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/64, एरर -71’.

उणे एकाहत्तर! आमच्या गणिताच्या मास्तरांनीही शून्याच्या खाली कधी कुणाला नेलं नव्हतं.

नवं उपकरण जोडलं, की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याची चौकशी करतो, अगदी एसटीत शेजारी बसलेल्या काकांसारखी. कोण, कुठले, कुठल्या कंपनीचे, आणि खायला किती लागतं? हा शेवटचा प्रश्न थट्टेचा नाही. यूएसबी 2 मध्ये चौकशी पुरी होईपर्यंत 100 मिलिअँपिअरवर भागवायचं, मग 500 पर्यंत मागता येतात. -110 आलं तर समजावं, समोरून वेळेत उत्तरच आलं नाही. -71 मध्ये बोलणं होतं, पण शब्द वाटेत मोडतात.

कर्नल लगेच हात टेकत नाही. पोर्ट रीसेट करतो, पुन्हा विचारतो. अगदीच नाइलाज झाला, तर कधी लिहितो: ‘कॅनॉट एनेबल. मेबी द यूएसबी केबल इज बॅड?’ शेवटी प्रश्नचिन्ह. एवढ्या अधिकाराच्या जागी बसून ‘बहुधा’ म्हणणारं कुणी मला सरकारीच काय, खासगी कचेरीतही भेटलेलं नाही.

यूएसबी 1996 साली आलं. ते घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट अग्रणी, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. कसाही फिरवून बसेल असा प्लग खर्चाच्या हिशेबात बसला नाही, असं त्यांनीच सांगितलंय. बडोद्यात मराठी घरंही आहेत आणि गुजरातीही. ही काटकसर कुणाच्या वळणाची, त्यात आपण पडू नये.

भाच्याला फोन केला. “मामा, पुढचं पोर्ट सोड, मागे लाव,” तो म्हणाला. मागची पोर्टं मदरबोर्डावरच पक्की बसवलेली असतात; पुढच्यांचा कारभार कॅबिनेटमधल्या बारीक वायरीवर चालतो. मागे लावताच पेनड्राइव्ह दिसला. “आता बंद करून प्लग काढ. नुसतं शटडाउन पुरत नाही, बोर्डाला थोडा करंट मिळतच राहतो. मग झाकण उघड.”

उघडलं. पुढच्या पोर्टांच्या वायरीचा कनेक्टर बोर्डावर अर्धवट टेकला होता. म्हणजे दोष केबलीचाच, फक्त दिसत होती ती नव्हे. अंगठ्यानं दाबला, झाकण लावलं, मशीन चालू केलं. पुढच्या पोर्टानंही बिनतक्रार ‘न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ म्हणून नोंद केली.

रात्री जेवायला हाक आली, तेव्हा मी पडद्यासमोरच होतो.

“झालं ना दुरुस्त? मग आता काय वाचताय?”

“आलोच. ब्लूटूथबद्दल त्याचं काहीतरी म्हणणं आहे.”