रा. रा. आठ ग्लास यांस अनावृत पत्र

रा. रा. आठ ग्लास साहेब यांस,

स. न. वि. वि.

आपली-आमची रीतसर ओळख कोणी करून दिलेली नाही, पण आपण नाही अशी जागाही आता उरलेली नाही. भल्या पहाटे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली आपण हजर. जिममधल्या ट्रेनरच्या तोंडी आपण, ब्यूटी पार्लरच्या भिंतीवर आपण. ऑफिसातल्या त्या दोन लिटरच्या बाटलीवर तर तासातासाच्या रेघा मारून आपण मुक्कामच ठोकलाय. ‘रोज किमान आठ ग्लास पाणी प्या’ एवढं एकच वाक्य बोलून इतकी वर्षं मानानं जगणारी असामी राजकारणाबाहेर आम्ही तरी दुसरी पाहिली नाही.

म्हटलं, एवढ्या थोर गृहस्थांची कुळकथा एकदा तपासून पाहावी. तर काय आश्चर्य! आपल्या जन्माचा पक्का दाखला कुठल्याच दप्तरात नाही. बऱ्याच जणांना संशय आहे तो अमेरिकेतल्या 1945 सालच्या एका शिफारशीवर. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळानं तेव्हा सांगितलं, की प्रौढ माणसाला एरवी दिवसाला अडीच लिटर पाणी पुरावं. खाल्लेल्या दर कॅलरीमागे एक मिलिलिटर, असा ढोबळ हिशेब. आणि त्याला जोडूनच सांगितलं, की यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातूनच पोटात जातं. साहेब, ही जोडपुरवणी गेली कुठे? अडीच लिटरचा आकडा तेवढा आपण उचललात आणि अन्नाचा विषय ताटातच ठेवून उठलात. पुढे 1974 मध्ये फ्रेडरिक स्टेअर आणि मार्गारेट मॅकविल्यम्स या पोषणतज्ज्ञांनी आपल्या पुस्तकात सहा ते आठ ग्लासांचा उल्लेख केला. त्यात चहा, कॉफी, दूध, शीतपेयं सगळं धरलेलं होतं, शिवाय फळं आणि भाज्यांतूनही पाणी मिळतं हे सांगितलेलं होतं. तेही आपण सोयीनं गाळलंत. सहा ग्लासही गाळलेत. राहिले ते आठ, तेही निव्वळ पाण्याचे.

2002 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ वैद्यकीय महाविद्यालयाचे हाइन्झ व्हॉल्टिन आपल्या मागावर निघाले. आयुष्यभर मूत्रपिंडाचा अभ्यास केलेला माणूस. त्यांनी आपल्या नावावरचं संशोधन धुंडाळलं आणि शरीरक्रियाशास्त्राच्या अमेरिकी नियतकालिकात निकाल छापला: समशीतोष्ण हवेत, बैठं काम करणाऱ्या निरोगी प्रौढानं रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, याला शास्त्रीय पुरावा सापडत नाही. त्यालाही आता वीस वर्षं उलटून गेली. आपल्या प्रकृतीत काही फरक पडल्याचं दिसत नाही.

आपल्या बाजूची साक्षही नोंदवतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी खटला चालवला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत आपण ‘सुमारे आठ ग्लास’ या नावानं आहात. मात्र तिथं आपल्याआधी ‘सुमारे’ आहे, आणि कडक उन्हाळ्यात, अंगमेहनतीत पाणी जास्त लागतं असा शेराही आहे. फॉरवर्ड होता होता ‘सुमारे’चं ‘किमान’ झालं आणि शेरा वाटेत सांडला. ही करामत कोणाची, ते आम्ही कोणत्या तोंडानं सांगावं?

आता आमच्या स्वयंपाकघराकडे या. शिजलेल्या भाताच्या वजनात निम्म्याहून बरंच जास्त पाणी असतं. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी, कलिंगडात नव्वदच्या वर. आमटी, कढी, ताक, सोलकढी यांची तर गणतीच नको. शिवाय खाल्लेलं जाळताना शरीर स्वतःच दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी तयार करतं. हे सगळं आपल्या खातेवहीत शून्य. आणि चहा? चहा म्हणजे आपल्या लेखी उलटा गुन्हा. म्हणे, त्यानं पाणी शरीराबाहेर जातं. 2014 मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात रोज कॉफी पिणाऱ्या पन्नास पुरुषांना काही दिवस कॉफी आणि काही दिवस तेवढंच पाणी देऊन पाहिलं. शरीरातल्या पाण्याच्या मोजमापात दोन्हींत लक्षणीय फरक निघाला नाही. कॉफीची ही कथा, तर आमच्या दूध घालून उकळलेल्या अर्ध्या कटिंगनं असं कोणतं वाळवंट होणार आहे?

मोठमोठ्या संस्थांचे आकडे आहेत की, असं आपण म्हणाल. आहेत. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेनं 2004 मध्ये पुरुषांसाठी दिवसाला 3.7 लिटर आणि स्त्रियांसाठी 2.7 लिटर सांगितले. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2010 मध्ये सांगितले अडीच आणि दोन. दोन्हीकडे हे आकडे अन्नातलं पाणी धरून आहेत. आणि अटलांटिक ओलांडताच पुरुषाची गरज 1.2 लिटरनं कशी बदलते, ते आपणच सांगा. आकडा हा अंदाज असतो. तज्ज्ञ तसं स्वच्छ सांगतात. निरोगी माणसाची रोजची गरज बहुतेक वेळा तहान आणि जेवणातलं पिणं यांतूनच भागते, हेही त्याच अमेरिकी अहवालात आहे. तेवढं आपण बाटलीवर छापायला विसरलात.

2022 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास तर आपल्यासाठी फारच गैरसोयीचा. तेवीस देशांतली 5,604 माणसं, वय आठ दिवसांपासून शहाण्णव वर्षांपर्यंत. प्रत्येकाच्या शरीरातून दिवसाला किती पाणी ये-जा करतं, ते खास खूण केलेलं पाणी पाजून मोजलं. विशी-तिशीतल्या पुरुषांत ते सरासरी 4.2 लिटरच्या घरात, वय वाढेल तसं कमी. उष्ण आणि दमट हवेत जास्त, कष्टाचं काम करणाऱ्यांत जास्त. यातलं बरंच पाणी अन्नातून येतं, त्यामुळे हा प्यायच्या पाण्याचा आकडा नव्हे. पण माणसामाणसांतला फरक एवढा, की सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, असं संशोधकांनीच म्हटलं. अलिबागच्या वाळूत जाळं ओढणारा कोळी आणि हिंजवडीत अठरा अंशांवर स्वेटर घालून बसलेला इंजिनीअर, दोघांना मोजून आठ. आपल्या समदृष्टीला नमस्कार!

पण साहेब, आपला सगळ्यांत मोठा पराक्रम म्हणजे तहानेची बदनामी. ‘तहान लागली म्हणजे समजा उशीर झाला’ हे ब्रह्मवाक्य आपल्याच दरबारातलं. प्रत्यक्षात रक्तातलं क्षाराचं प्रमाण जेमतेम एक-दोन टक्क्यांनी वाढलं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला त्याचा पत्ता लागतो. तिथून निघालेलं संप्रेरक मूत्रपिंडांना बजावतं, पाणी राखा. लघवी घट्ट आणि थोडी होते. त्यापाठोपाठ तहान लागते. व्हॉल्टिन यांनी हेच दाखवलं, की ज्याला वैद्यकात शुष्कता म्हणावं, त्याच्या कितीतरी आधी तहान जागी झालेली असते. उलट बाजूचा बंदोबस्तही आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की गरज भागल्यावरही पाणी पीत राहिलं तर गिळणंच जड जातं. शरीर घशातच हरकत घेतं. सहावा ग्लास हातात घेऊन तोंड वेडंवाकडं करणाऱ्या काकूंना आपण ‘इच्छाशक्ती कमी पडते’ म्हणता. अहो, काकूंचा घसा आपल्यापेक्षा शिकलेला आहे.

आपण आपला इतिहासही विसरलात. वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त शरद आणि ग्रीष्म हे ऋतू सोडले तर निरोगी माणसानंही पाणी बेतानंच प्यावं, असा सल्ला दिला होता. आपण मात्र आजकाल ‘आयुर्वेदात सांगितलंय’ असा टिळा लावून हिंडता. वाग्भटांना विचारलंत का?

पाणी जास्त झालं तर जाईल लघवीवाटे, बिघडलं काय, हा आपला आवडता युक्तिवाद. बहुतेकांचं खरंच काही बिघडत नाही. जिन्याच्या चार फेऱ्या वाढतात इतकंच. पण निरोगी मूत्रपिंडालाही तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी बाहेर टाकता येतं. त्याहून वेगानं ओतत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये धावून आलेल्या 488 जणांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या 13 टक्क्यांचं सोडियम उतरलेलं होतं. ज्यांचं वजन धावताना कमी होण्याऐवजी वाढलं होतं, त्यांना हा धोका जास्त होता. म्हणजे बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढवण्याचा चमत्कार आपल्याच कृपेनं घडला. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ केंद्रानं लघवी न करता जास्तीत जास्त पाणी पिण्याची स्पर्धा ठेवली. बक्षीस होतं व्हिडिओ गेमचं यंत्र. भाग घेतलेली तीन मुलांची आई त्या दिवशी गेली. यावर विनोद सुचत नाही.

आणि ते रात्रीचं? ‘झोपण्यापूर्वी एक ग्लास, हृदयविकार टळतो.’ आपल्या या फॉरवर्डवर विश्वास ठेवून कितीतरी आजोबा रात्रीतून तीनदा अंधारात भिंत चाचपत न्हाणीघराकडे जातात. त्या वयात हृदयाइतकीच खुब्याच्या हाडाचीही काळजी करावी लागते, हे आपल्या गावी नाही.

आता जिथं आपलं म्हणणं खरं आहे, तिथं मान्य करू. मुतखडा होऊन गेलेल्याला भरपूर पाणी हे औषधच आहे. इटलीतल्या, 1996 मध्ये छापलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांत खडा परत होण्याचं प्रमाण 12 टक्के होतं, इतरांत 27. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांना रोज दीड लिटर जादा पाणी दिलं, तर संसर्ग जवळपास निम्म्यावर आले, हे 2018 मध्ये दिसलं. त्याच वर्षी कॅनडातल्या अभ्यासात मात्र मूत्रपिंड मंदावलेल्या रुग्णांना जादा पाणी पाजून त्यांची घसरण थांबली नाही. म्हाताऱ्यांची तहान मंदावते, त्यांना घरच्यांनी आठवण करावी लागते. उलट डायलिसिसवरच्या किंवा हृदय थकलेल्या कित्येक रुग्णांना घोट मोजून प्यावा लागतो. म्हणजे जिथं पाण्याचा हिशेब खरोखर लागतो, तिथं तो डॉक्टर त्या त्या माणसाचा मांडतात. तिथं आपलं काम नाही, आणि जिथं हिशेब लागतच नाही तिथं आपण ठाण मांडून आहात.

एवढंच असतं तरी आम्ही सोडून दिलं असतं. वयस्क माणूस आहे, बडबडतो, म्हटलं असतं. पण आपल्या बडबडीत एक गोष्ट सोयीस्कर बुडते. आपण ज्यांना उपदेश करता, त्यांच्या टेबलावर बाटली, पाठीशी फिल्टर आणि वीस पावलांवर स्वच्छ संडास असतो. ज्यांना पाणी खरंच कमी पडतं, त्यांच्या वाऱ्यालाही आपण उभे राहत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडहून निघालेली ऊसतोड जोडपी उन्हाळा लागेपर्यंत फडात असतात. सोबत आणलेलं पाणी दुपारपर्यंत पुरवायचं, आडोसा नाही म्हणून बाईनं ते घोटाघोटानं प्यायचं. एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये ऊस तोडणाऱ्या तरण्याताठ्या मजुरांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांचं बोट उन्हातल्या राबण्याकडे आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या शुष्कतेकडे गेलं. तिथं उपाय म्हणून पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी पुरवायला घेतल्या. आपल्या पोस्टरवर पहिली एकटीच असते, आणि तीही पुरवायची कोणी, याचा उल्लेख नसतो.

बंदोबस्ताला उभी असलेली महिला पोलीस, एसटीची कंडक्टर, नाक्यावर भाजी विकणारी मावशी, शाळेतली मुलगी. यांना तहान कळते, पाण्याचं महत्त्वही कळतं. त्या पाणी टाळतात, कारण प्यायल्यावर जायचं कुठं? मुंबईतल्या बायकांना 2011 पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवावी लागली, ती हौस म्हणून नव्हे. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्यानं भरलेली रेल्वे लातूरला धावत होती, तेव्हा साहेब, आपण कोणत्या ग्रुपवर होता?

म्हणून हे पत्र. आपल्याला हाकलून लावायचा आमचा विचार नाही; एवढा प्रसिद्ध आकडा वाया का घालवा? आमच्या घशाखाली किती ग्लास गेले ते मोजणं सोडा, ते काम तहान फुकटात करते. आपण बदलीवर जा. एसटी स्टँडवर बायकांसाठी चालू, स्वच्छ, आतून कडी लागणारे संडास किती, ते मोजा. फडाच्या बांधावर पिण्याच्या पाण्याचे टँकर किती फिरकले, ते मोजा. झेडपीच्या शाळेत चालू नळ किती, ते मोजा. आणि जिथं आठ भरणार नाहीत, तिथं तितक्याच चिकाटीनं, रोज पहाटे, सूर्योदयाच्या चित्रासकट, संबंधित मंत्र्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या चेअरमन साहेबांच्या मोबाइलवर जाऊन बसा.

कळावे,
आपल्या कृपेनं रात्री उठणारा एक नागरिक

ता. क. : हे पत्र वाचताना घसा कोरडा पडला असेल तर पाणी प्या. पडला नसेल तर राहू द्या.