एक टीबी, व्हाया घोरावाडी

ज्या माणसाला गाणी ऐकायला वेळ नाही, त्याला ती साठवायला किती जागा लागते? आमच्या भाच्याचं उत्तर : किमान एक टीबी. “मामा, कमी घेऊ नका, नंतर पस्तावाल.” फ्लॅट घेतला तेव्हाही मला हेच ऐकवलं होतं, आणि त्या जास्तीच्या खोलीत आज इस्त्रीचे कपडे राहतात.

घोरावाडी हे पुणे-लोणावळा लोकलचं बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामधलं स्टेशन. डेक्कन क्वीनपासून झाडून सगळ्या मोठ्या गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न बघता धडधडत निघून जातात. थांबते ती लोकल, तीही उपकार केल्यासारखी. इथून शिवाजीनगर पाऊण तासाच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन दीड तास, आणि माझं सगळं संगीतश्रवण त्यात बसवायचं, कारण ऑफिसात साहेब असतात आणि घरी मालिका.

फोनवर का ऐकत नाही, असं सगळे विचारतात. ऐकता येतं. पण किशोरीताई समेवर येत असतानाच सोसायटीच्या ग्रुपवर ‘टँकर आलाय, कोणीतरी खाली या’ असा निरोप टिंगकन येतो. शिवाय २०१६ साली ॲपलने आयफोनचं हेडफोनचं भोक बुजवलं, आणि एकाने बुजवलं म्हणून बाकीच्यांनीही एकामागून एक बुजवलं. माझ्याकडे हेडफोन उत्तम आहेत, त्यांना वायरही उत्तम आहे, फक्त ती खुपसायला जागा नाही. आणि ॲपवरची गाणी कितीही झाली तरी भाड्याची. कुठल्या तरी दोन कंपन्यांचा करार संपतो आणि एका सकाळी आपलं नाट्यगीत घर सोडून गेलेलं असतं. आमच्या पिढीला सातबाऱ्यावर नाव लागतं. तेव्हा स्वतंत्र प्लेअर घ्यायचा, भरपूर जागेचा आणि चांगल्या आवाजाचा, असं ठरलं.

आधी जागेचं बघू. गाण्यातलं काहीही न गाळता दाबून बसवलेली सीडीच्या दर्जाची फाइल, जिला जाणकार ‘फ्लॅक’ म्हणतात, ती मिनिटाला साधारण पाच एमबी खाते. एक टीबीत दोन लाख मिनिटं, म्हणजे तीन हजार तीनशे तास. रोज दीड तास आणि वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले, तर एकही गाणं दुसऱ्यांदा न वाजवता सात वर्षांहून जास्त. माझी नोकरी तितकी उरलेली नाही. उरलेल्या गाण्यांचं मृत्युपत्र करावं लागेल.

त्यात ‘दुसऱ्यांदा न वाजवता’ ही अटच अमानुष आहे. मी खरोखर जे ऐकतो ती दोनेकशे गाणी आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राग. बाकीचा संग्रह माळ्यावरच्या पाहुण्यांच्या गाद्यांसारखा. पाहुणे येत नाहीत, पण आले तर? २००१ मध्ये पहिला आयपॉड आला तेव्हा त्यात ५ जीबी जागा होती, आणि खिशात एक हजार गाणी म्हटल्यावर जगाने तोंडात बोट घातलं होतं. पुढे आयपॉड क्लासिक १६० जीबीपर्यंत गेला. कंपनीच्या हिशोबाने त्यात चाळीस हजार गाणी मावत. २०१४ मध्ये तो बंद झाला, तर शौकिनांनी जुने आयपॉड शोधून त्यांच्या पोटातली चकती काढली आणि मेमरी कार्डं बसवली. भूक म्हणतात ती ही.

या सगळ्याच्या आधी सी-नव्वदची कॅसेट होती. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. जाताना ए, येताना बी. घोरावाडी-शिवाजीनगरच्या मापाने शिवलेलं त्याच्याइतकं नेमकं यंत्र पुन्हा कोणी काढलं नाही. मावळातल्या पावसाळ्यात तिच्या फितीला बुरशी धरायची, एवढाच काय तो दोष.

आता चांगला आवाज. हा विषय निघाला की माणसं देवळात बोलावं तशी हळू बोलायला लागतात. “सोळा-चव्वेचाळीस घेऊ नका हो,” एक गृहस्थ मला कुजबुजून म्हणाले, “चोवीस-एकशे ब्याण्णवच घ्या.” माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी. पन्नाशी उलटली की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आपोआप जागा सोडतात. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा दर या वीस हजारांना पुरून उरतो. १९२ किलोहर्ट्झ म्हणजे शहाण्णव हजारांपर्यंतचे स्वर टिपायची सोय. ते ऐकणार कोण? वटवाघळं. घोरावडेश्वराच्या डोंगरावरच्या लेण्यांत त्यांचा मुक्काम असेल, तर महाशिवरात्रीच्या जत्रेला मी प्लेअर वर नेऊन ठेवायला तयार आहे.

चोवीस बिटचंही तेच. सोळा बिटमध्ये सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठा आवाज यांत ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं, चोवीसमध्ये कागदावर १४४. यातला बारीक, तरल, जीव कानात आणून ऐकायचा जो भाग आहे तो सगळा दापोडीच्या पुलावर लोकल एका घासात गिळते. उरलेलं शेंगदाणेवाला संपवतो. बाहेरचा आवाज मारणारे हेडफोनही वापरून पाहिले. चाकांची एकसुरी घरघर ते खरोखर मारतात, कारण खालच्या पट्टीतला अखंड आवाज हेच त्यांचं भक्ष्य. आमच्या डब्यात सकाळी भजन असतं. टाळांपुढे त्यांचं काही चालत नाही. घरघर गेल्यामुळे टाळ उलट जास्त स्वच्छ ऐकू येतात.

बरं, मला ऐकायचं आहे काय, तर बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँ. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनने मुद्रण सुरू होण्यापूर्वी गायक कर्ण्यात तोंड घालून गात, आणि त्या कर्ण्यातून वरचे सूर फारसे पलीकडे पोचतच नसत. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात खाँसाहेब राग मांडून, रंगवून मोकळे होत. अशा तबकडीची चोवीस-एकशे ब्याण्णवची फाइल केली की गाणं होतं तेवढंच राहतं, खरखर मात्र अप्रतिम लागते. त्याच गृहस्थांनी मला ती डोळे मिटून ऐकवली. “डावीकडची खरखर बघा कशी सुटी येते!” त्या तबकडीत डावं-उजवं नव्हतंच, पण कोणाच्या समाधीत दगड टाकू नये.

आवाजाबद्दल एवढं बोलणारी मंडळी नावांबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि मोठ्या संग्रहात माणूस बुडतो तो नावांत. १९०२ साली कोलकात्यात फ्रेड गाइसबर्गने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपलं की ती इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगायची, कारण तबकड्या घडत जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि कुठलं गाणं कुठल्या बाईचं हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी ही व्यवस्था होती. आज माझ्या संग्रहात सर्वाधिक गाणी ‘अननोन आर्टिस्ट’ या कलावंताच्या नावावर आहेत. त्याला सगळी घराणी येतात. भीमसेनजी चार ठिकाणी विखुरलेत : बी-खाली भीमसेन, जे-खाली जोशी, पी-खाली पंडित आणि पुन्हा पी-खाली पं. बाकीचे सगळे पंडितही तिथेच दाटीवाटीने बसलेत. उस्ताद मंडळी यू-खाली ऐसपैस. ‘ट्रॅक ०७’ मारवा की पूरिया यावर आमच्या डब्यात कासारवाडीपासून खडकीपर्यंत वाद झाला. दोन्ही रागांचे स्वर तेच असल्यामुळे दोन्ही बाजू जिंकल्या.

नावं देवनागरीत घातली तर आणखी मजा. स्वस्तातले प्लेअर मराठी अक्षरांच्या जागी सरळ चौकोन काढतात, आणि थोडे महाग असतील ते पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला नेऊन उभी करतात. म्हणून दुकानात गेलात की आवाज मागाहून तपासा. आधी ‘किशोरी’ नावाची फाइल घालून बघा. त्यात उत्तीर्ण झाला तर पुढचं बोलणं.

किमतीचं म्हणाल तर तीन-चार हजारांपासून सुरुवात होते, आणि शेवट कुठे होतो हे घरी सांगण्यासारखं नाही. सोनीने २०१६ मध्ये एक वॉकमन काढला. शुद्ध तांब्यातून कोरलेला, वरून सोन्याचा मुलामा, वजन ४५५ ग्रॅम, अमेरिकेत किंमत तीन हजार डॉलरच्या वर. मी तो मोठ्या आशेने हिला फोटोत दाखवला. सोनं म्हटल्यावर चष्मा आला. “किती तोळे?” मुलामा म्हटल्यावर चष्मा परत गेला. “आणि अर्धा किलो तांबं गळ्यात घालून तुम्ही लोकलला लोंबकळणार? त्यापेक्षा बंब घ्या.” यावर ध्वनिशास्त्रात उत्तर नाही.

याच सोनीने १९७९ मध्ये काढलेला पहिला वॉकमन मला जास्त शहाणा वाटतो. त्याला हेडफोनची दोन भोकं होती, शेजाऱ्यालाही ऐकता यावं म्हणून. आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि समोरच्याचं बोलणं एका छोट्या माइकमधून थेट कानात यायचं. पुढच्या मॉडेलांत हे दोन्ही गेलं. ज्याने काढून टाकलं तो लोणावळा लोकलने कधी गेला नसावा. देहूरोडला जे चढतात त्यांना तुमच्या कानातली वायर दिसत नाही. ते थेट विचारतात, “काय, झाली का रजा मंजूर?” दर वेळी तंबोरा थांबवून उत्तर देण्यापेक्षा बटण बरं.

जागा आणि आवाज या दोन्हींवर आमच्या मेहुण्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. त्यांनी कुठून तरी सातशे रुपयांत एक टीबीचं कार्ड आणलं, तेही घासाघीस करून. कॉम्प्युटरला लावलं तर कॉम्प्युटरही एक टीबी म्हणाला. मेहुण्यांनी दोन रात्री जागून गाणी भरली. पहिली काही वाजली. पुढच्या फायलींची नावं दिसायची, लांबी दिसायची आणि आत सन्नाटा. अशा कार्डात जागा असते सोळा-बत्तीस जीबी. आतल्या चिपला मात्र ‘विचारलं तर एक टीबी सांग’ असं पढवून ठेवलेलं असतं. खरी जागा संपली की नवीन माल जुन्यावर चढतो किंवा हवेत जातो, आणि यादी आपली भरगच्च दिसत राहते. पकडायचा उपाय एकच : कार्ड काठोकाठ भरायचं आणि भरलेलं परत वाचून ताडून बघायचं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकटचा प्रोग्राम हे काम करतो. मेहुणे म्हणाले, “जाऊ दे, नावं तरी छान दिसतायत.”

साठवणीबद्दल आमच्या पंचक्रोशीने खरं तर कोणाकडून शिकू नये. घोरावडेश्वर, भंडारा, भामचंद्र या तुकोबांच्या चिंतनाच्या जागा, आणि इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी कोरडी वर आल्याची कथा इथलीच. कुठल्याही कंपनीने एवढी हमी अजून दिलेली नाही. गाथेत चार हजारांवर अभंग आहेत. अक्षरांत उतरवले तर ते सगळे मिळून एका फ्लॅक गाण्याच्या जागेत सहज बसतात. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “मामा, पण ती टेक्स्ट फाइल.”

आमच्या आईला यातलं काही पडलेलं नाही. तिच्याकडे पाच हजार गाणी आधीच भरलेला, २०१७ मध्ये बाजारात आलेला तो रेडिओसारखा डबा आहे. बटण दाबते, लागेल ते ऐकते, भाजी निवडते. घरात सर्वांत जास्त गाणं तीच ऐकते.

तर प्लेअर घेणाऱ्यांनी माझं एवढं ऐकावं. एकशे अठ्ठावीस जीबी पुरे. फ्लॅकच्या हिशोबानेही ते चारशे तास होतात. बिट आणि किलोहर्ट्झ दुकानदाराला बोलू द्यावेत, वाचलेले पैसे हेडफोनला घालावेत, कारण आवाजातला खरा फरक तिथे पडतो. वेलांटी तपासावी. कार्ड पक्क्या बिलावर घ्यावं. आणि एक टीबीचं एक कार्ड, जेमतेम वापरलेलं, कोणी तुम्हाला निम्म्या किमतीत देऊ केलं, तर ते आमचे मेहुणे असतील. नम्रपणे नाही म्हणावं.