डावा बाहेरचा

एखादी गाडी सोसायटीत वळली की काका पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "डावा बाहेरचा गेला." नवीन बिऱ्हाडकरू दचकतात. गेलेला असतो तो एक्सल शाफ्टचा जॉइंट. रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, धूळ शिरते आणि आतल्या सहा गोळ्या वळणावर कटकट करू लागतात. उजव्या वळणाला वाजलं तर दोष बहुधा डाव्या चाकाकडचा, एवढं काकांना कानाने कळतं.

त्यांची मारुती ८०० आहे १९८६ची. डावा शाफ्ट एका गाडीचा, त्याचा बाहेरचा जॉइंट दुसरीचा, आतला तिसरीचा. तरी गाडी 'ओरिजिनल' आहे, कारण प्रत्येक भाग कुणाचा ना कुणाचा ओरिजिनल आहेच. अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनीवाल्यांची त्यांना कीव येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या त्या गाड्या. त्यांच्या नशिबी नुसता क्रॉस-जॉइंट.

जुने भाग शोधायला नाना पेठेत जाताना पिशवीत व्हर्नियर कॅलिपर आणि जुना जॉइंट असतो. दुकानदार म्हणतो, "बसेल हो काका." काका खडूची खूण करून दाते मोजतात. मग उलटीकडून मोजतात. दाते जुळले तर जाडी, जाडी जुळली तर लांबी. डावा-उजवा शाफ्ट मुळातच सारख्या लांबीचे नसतात. आखूड बसवला तर खड्ड्यात चाक लोंबकळताच आतला जॉइंट निसटणार. लांब बसवला तर चाक वर दाबलं की गिअरबॉक्सला ढुशी. हे व्याख्यान संपेपर्यंत दुकानदाराचा डबा खाऊन होतो.

पुतण्याची ८०० ट्रकवर आदळली तेव्हा रात्रीच फोन गेला. "तू बरा आहेस ना? छान. धडक पुढून की मागून?" काकूंनी फ्रिज मागितला, तर म्हणाले, "दोन-तीन जुन्यांचा मिळून एक होतोय का बघू."

नवा कोरा शाफ्ट विकत मिळतो, हे काकांना ठाऊक आहे. पण मग माणसाने करायचं काय? बाकी खरं सांगायचं तर आमच्या सोसायटीत वळताना न वाजणारी जुनी गाडी एकच आहे, आणि ती त्यांची.

तेव्हा दारात पडून असलेली ८०० भंगारात देण्याआधी काकांना जरूर विचारा. भाव चांगला देतात. फक्त दोन्ही शाफ्ट त्याच गाडीचे निघाले तर जरा हिरमुसतात.