तिला घाम न्हाई

आमच्या मलकापुरात गल्लीगणिक एक तात्या असतो, आणि परड्यात कोंबड्या असल्या की तो जरा जास्तच तात्या होतो. आमच्या गल्लीतले एसटीत कंडक्टर होते. तिकिटं मोजायचं संपलं, आता ते कोंबड्यांची धाप मोजतात. एप्रिल लागला की डोक्याला टॉवेल गुंडाळून, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत, खुराड्यापुढं उकिडवे बसलेले दिसतात. "चोच वासलीया. पंख फाकल्यात. नरडं थरथरतंय बघ!" आपण बघतो. कोंबडी आपल्याकडं बघते.

"तिला घाम न्हाई," हे त्यांचं पेटंट वाक्य. गोष्ट खरी आहे. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास तापलेलं, त्यात घामाच्या ग्रंथी नाहीत. मुख्यतः धापा टाकून जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढी जायची. फक्त हे वाक्य तात्या कुठंही वापरतात. काकू म्हणाल्या, चुलीपुढं जीव चाललाय, टेबलफॅन इकडं आणा. तात्या म्हणाले, "तुला घाम तरी येतोय."

पहाटे साडेपाचला दाणा, मग थेट ऊन उतरल्यावर. मध्ये काही नाही, कारण दाणा पचताना अंगात आणखी ऊब तयार होते. दुपारी माठातलं पाणी, त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ. खुराड्यावर ओलं गोणपाट. एखादी फारच मलूल झाली तर घमेल्यात पाणी घेऊन तिचे पाय भिजवायचे, पायावर पिसं नसतात म्हणून. गार पाण्यात बुचकळायची मात्र नाही, धक्क्यानं जाईल. हे सगळं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात. अंडी न्यायला आलेल्या पोराला परवा पातळ कवचाचं व्याख्यान मिळालं: धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त जातो, मग कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. पोरगं म्हणालं, "तात्या, आईनं चार सांगितल्यात."

गेल्या मे महिन्यात नातवानं त्यांच्या मोबाइलवर हवामान लावून दिलं. मलकापूर, ४४ अंश! तात्यांनी घरातली झाडून सगळी पोती भिजवली, पाहुण्यांसाठी ठेवलेली चादरसुद्धा गेली. संध्याकाळी कळलं, ते मलकापूर बुलढाण्याचं. आमचं शाहूवाडीतलं, आंबा घाटाच्या अलीकडचं; आमच्याकडं ऊन तापतं, पण तसं नाही. तात्या जराही वरमले नाहीत. "तिकडच्या कोंबड्यास्नी कोण बघत आसंल?" म्हणून तेवढा वेळ हळहळले.

उन्हापाठोपाठ त्यांना ताणाची काळजी. दुपारी कोंबडी पकडायची नाही, हलवायची नाही, नवं कुत्रं परड्यात येऊ द्यायचं नाही. समोरच्या घरी हळदीला डॉल्बी लागला, तर हे नवरीच्या बापाला गाठून म्हणाले, "आवाज जरा कमी. खुडूक बसलीया." त्या बापाला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. त्यानं खरंच आवाज कमी केला, वर जेवणाचं ताटही पाठवलं.

पण खरी पंचाईत जावई आल्यावर. काकूंनी मसाला वाटून ठेवलेला, आणि तात्या खुराड्याच्या दारात आडवे. "उन्हानं ताणात हाय ती. अशीची चव न्हाई लागत." जावयानं दोन दिवस अंडाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव कोसळला, गल्लीत मातीचा वास सुटला, कोंबड्या मिटल्या चोचींनी निवांत उभ्या. काकू सुरी घेऊन बाहेर आल्या. "आता गारवा हाय. आता?"

तात्यांनी आभाळाकडं बोट केलं.

"इजा ऐकल्यास न्हवं? भ्याल्यात त्या."

जावई संध्याकाळच्या गाडीनं कोल्हापूरला गेला. तांबडा-पांढरा तिथं मिळतो.