मालदीवमध्ये अळू मिळतं का?

मलकापुरात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची तर ती इंग्रजीत बोलावी, असं कुणी सुचवेल. पण इथल्या निम्म्या गावाला इंग्रजी मीच शिकवलं असल्यामुळे ती सोय माझ्यापुरती नव्हती. मी परदेशात इंग्रजी शिकवायला जाणार ही बातमी एसटी स्टँडवर माझ्याआधी पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो एकच विचारू लागला, "बाई, राहणार कुठं?" पगार कुणी विचारला नाही. तो आधीच कळलेला होता.

घर कुठं करावं या विषयात आमच्या गावाला बोलायचा अधिकार आहे म्हणा. १८४४ च्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचं ठाणं गडावरून खाली मलकापुरात आलं. ज्यांनी गड पाडला त्यांची भाषा विकून मी आता मलकापुरातून बाहेर पडणार, म्हणजे हिशेब कुठंतरी फिटलाच.

सुरुवातीला देशांची यादी लांबलचक होती. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा आग्रह कोरियाचा. तिकडची गाणी त्याला पाठ आहेत, इंग्रजी कविता कधी झाल्या नाहीत. पण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारतीयांसाठी २०१० पासून लागू झालेल्या व्यापार करारात बाजूचं एक छोटं दार आहे, ते बी.एड. आणि कागदपत्रांच्या थप्पीसकट शोधावं लागतं. मग इथिओपिया निघाला. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून तिथं भारतीय मास्तर शिकवत आलेत. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २३०० मीटरवर, हवा गार, आणि जेवायला इंजेरा, म्हणजे आपल्या आंबोळीसारखीच जाळीदार आणि आंबूस. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. आमचे हे म्हणाले, "आंबोळीच खायची तर आंबा घाट उतरू की. दुपारपर्यंत परत."

राहिला मालदीव. तिथल्या शाळांतून इंग्रजी माध्यम आहे, परीक्षा केंब्रिजच्या धर्तीच्या आणि भारतीय शिक्षकांची वर्षानुवर्षांची ये-जा. एजंटानं फोनवर विचारलं, "मॅडम, राजधानी माले पाहिजे का बाहेरचं बेट?" मी म्हटलं, घरी विचारून सांगते. हे वाक्य मलकापुरात उच्चारलं की घरात गल्ली धरतात.

संध्याकाळी बैठक भरली. शेजारचे सुभेदार मालेच्या बाजूचे. नोव्हेंबर १९८८ मध्ये तिथं बंड झालं तेव्हा आपले छत्रीधारी सैनिक आग्र्याहून विमानानं जाऊन हुलहुले विमानतळावर उतरले होते, हे ते इतक्या बारकाव्यानं सांगतात की ऐकणाऱ्याला त्यांच्या खांद्यावर छत्री दिसायला लागते. त्या वेळी ते पठाणकोटला होते. "राजधानीत राहा, बाई. तिथं आपल्याला ओळखतात."

माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. त्यात इमारती, स्कूटर आणि माणसं इतकी दाटलेली की जगातल्या सर्वात गर्दीच्या शहरांत त्याची गणना होते. भाडं त्या मानानं. मी हे सांगितलं तेव्हा सुभेदार डगमगले नाहीत. सासूबाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं, "पाणी?"

पाणी समुद्राचंच, खारेपणा काढून नळाला सोडलेलं. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्रकल्पाला आग लागली तेव्हा अख्ख्या राजधानीचं पिण्याचं पाणी गेलं आणि भारतातून विमानांनी, जहाजांनी पाणी पाठवावं लागलं. हे ऐकून बैठक स्तब्ध झाली. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीतून पाणी येतं. पाणी विमानानं येतं ही कल्पना कुणाच्या पचनी पडेना. माले तिथंच बाद.

मग एजंटाचा दुसरा पर्याय, हुलहुमाले. १९९७ पासून समुद्रात वाळूचा भराव टाकून तयार केलेलं बेट, रुंद रस्ते, नवे फ्लॅट, आणि २०१८ पासून मालेशी जोडणारा पूल. फोटो झकास होते. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिले.

"समुद्रात भराव? मग सातबारा कुणाच्या नावावर?"

"सरकारच्या."

"मग सरकार उठ म्हणालं की उठायचं."

त्यात कुणीतरी मोबाईल काढून वाचलं की त्या देशाची जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटर उंच आहे. सासूबाई पाच फूट दोन इंच. त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी देशाच्या सरासरीच्या वर जातात, हे मी मनातल्या मनात मोजलं आणि मनातच ठेवलं.

मी एकटीनं रात्री नकाशा उघडला. मालदीवची सुमारे बाराशे बेटं, त्यातली दोनशेच्या आसपास वस्तीची. इतक्यांतून एक निवडायचं तर काही कसोटी हवी. इंटरनेटवरची कसोटी अशी: समुद्र दिसतो का, कॉफी बरी मिळते का, वायफाय कसं आहे. मलकापूरची कसोटी निराळी: पाणी कुठलं, घरी यायची गाडी किती वाजता, आणि भाजी काय मिळते. दुसऱ्या यादीवर हसायला मला शिक्षणानं शिकवलंय, पण पहाटे चारला घसा सुकला की कॉफीचं दुकान उघडं नसतं.

भाजीच्या प्रश्नावर तर जवळजवळ सगळी बेटं नापास. जमीन वाळूची, भाजी बोटीनं येते. सकाळी नाश्त्याला ट्यूना, नारळ आणि कांदा कालवलेलं मासहुनी, दुपारी ट्यूनाचं पातळ गरुधिया. मासा मला चालतो. माशाचा वेळापत्रकात प्रत्येक तास असावा हे चालत नाही. शोधत शोधत विषुववृत्त ओलांडून खाली आले, तर फुवाहमुला सापडलं. पाचएक चौरस किलोमीटरचं एकच बेट, त्याचंच एक अटोल. मध्ये गोड्या पाण्याची दोन तळी. जमीन सुपीक, संत्री होतात, आंबे होतात आणि दलदलीत अळू लावतात.

सकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन फक्त शेवटचं वाक्य सांगितलं.

"अळू?" सासूबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "पानं का कांदे?"

"मुख्य कांदे. पण पानांशिवाय कांदे कसे येतील?"

"मग काय अडचण आहे?"

अडचण यांना सापडली. फुवाहमुला टायगर शार्कसाठी प्रसिद्ध आहे, लांबून लांबून लोक ते बघायला पाण्यात उड्या मारतात. व्हिडिओ घरभर फिरला. पण ज्या तालुक्यात रात्री मोटारसायकलच्या उजेडात अचानक गवा उभा दिसतो, तिथल्या लोकांना शार्कचं कौतुक किती काळ टिकणार? सुभेदार म्हणाले, "गवा रस्त्यावर येतो. तो मासा शाळेत यायचा नाही." विषय संपला.

देवाचं मात्र अवघड झालं. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत. सासूबाई गप्प राहिल्या, मग जोतिबाचं नाव घेऊन म्हणाल्या, डोळे मिटून कुठंही दिसतो. दारू तिथं वस्तीच्या बेटावर नाही, कुत्री नाहीत, सुट्टी शुक्रवार-शनिवार, घड्याळ आपल्याहून अर्धा तास मागे. यातल्या दारूच्या मुद्द्यावर यांच्या मित्रांनी मला भेटायला यायचा बेत रद्द केला. तो फायद्यात धरलाय.

गाडीचं गणित असं बसतं: मलकापुरातून कोल्हापूर, कोल्हापुरातून बेंगळुरू, तिथून विमानानं माले, मालेहून लहान विमानानं फुवाहमुला, २०११ पासून बेटावर विमानतळ आहे. परतताना कोल्हापूरहून रात्रीची शेवटची एसटी चुकली तर काय, यावर अजून चर्चा चालू आहे.

अर्जात फुवाहमुला लिहून पाठवलंय. बांबवडे, आंबा, शाहूवाडी या बाजूच्या कुणाचं माणूस तिथं राहत असेल तर जरूर कळवा, शेजार बरा वाटेल. फक्त तो इंग्रजीचा मास्तर नसावा. पाच चौरस किलोमीटरमध्ये दोघांचे उच्चार मावायचे नाहीत.