मायक्रॉनकाका

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांपैकी काही जण टेकडीवर जातात, काही नातवंडांना शाळेत सोडतात आणि उरलेले मायक्रॉनकाका होतात. उभा जन्म लोखंडाच्या लेथवर गेला, आता घरी लाकडाचा लेथ आणायचा, हा त्यांचा संकल्प. काकू मात्र फोनवर बहिणीला एवढंच सांगतात, "लाटणी करणार आहेत म्हणे."

खरेदीआधी वर्षभर काका फक्त स्विंगबद्दल बोलतात. दूधवाल्यालाही आता ठाऊक आहे की सेंटरपासून बेडपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्विंग निघतो आणि त्याहून मोठी थाळी लेथवर फिरत नाही. लाटणं, भोवरा, पेन, छोटी वाटी एवढंच करायचं तर 10 इंची स्विंग आणि दोन सेंटरांमध्ये 18 इंच जागा पुरते, हे काकाच सगळ्यांना सांगतात. मग स्वतःच शंका काढतात, "उद्या पाळण्याचे खांब करायचे म्हटले तर?" नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

लेथ जड हवा, हलका थरथरतो, म्हणून बेड बिडाचाच हवा, हे काकांचं तत्त्व. तो तिसऱ्या मजल्यावर चढवणं हा जावयाचा प्रश्न.

मांडणीत मात्र काकांचा हात कुणी धरणार नाही. स्पिंडल कोपराच्या उंचीवर असावा, म्हणजे पाठ धरत नाही, हा नियम. पण कोपर मोजायचं ते चपला घालून की अनवाणी, यात एक रविवार गेला. टेबल बोल्टने जखडलं, खालच्या फळीवर वाळूच्या गोण्या ठेवल्या. हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोकं समोरासमोर आणली, ती नीट जुळली. इथे दुसरा कुणी थांबला असता. काकांनी डायल गेज काढला आणि 20 मायक्रॉनचा फरक शोधून संध्याकाळ नासवली. आषाढात लाकूड याच्या कित्येक पट फुगतं, हे त्यांना तत्त्वतः मान्य आहे, पण मनाला पटत नाही.

सावंतवाडीच्या चितार आळीत जाऊनही त्यांनी एका कारागिराला विचारलं, "टॉलरन्स किती ठेवता?" तो फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवत होता, घर्षणाने लाख वितळून रंग सरसर चढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ता कित्याक?"

अखेर मुहूर्त लागला. बाभळीचा तुकडा चढवला, टूल रेस्ट लाकडाजवळ घेतली, कुठे अडत नाही ना हे हाताने फिरवून पाहिलं, बाह्या दुमडल्या, तोंडावर पारदर्शक ढाल ओढली. सगळं पुस्तकाबरहुकूम. मोटर सुरू झाली आणि काकांनी पटाशीचं टोक थेट लाकडात घातलं. फाट्! तुकडा उडून खिडकीच्या ग्रिलला आपटला. लोखंडाच्या लेथवर हत्यार टूल पोस्टमध्ये आवळलेलं असतं. इथे टूल पोस्ट म्हणजे आपलाच हात. पटाशीची उतरती बाजू आधी लाकडावर टेकवायची, ती घासू लागली की मूठ हळूच उचलायची, मग धार लागते आणि भुगा न पडता लांबलचक कात्रण निघतं. हे कुठल्याच गेजवर दिसत नाही. "पोस्ट असती तर हे झालं नसतं," काका म्हणाले.

पुढे लाटणं झालं. एका बाजूला किंचित जाड आहे, पण काकूंच्या पोळ्या गोल होतात.

तुमच्या घरात असा काका असेल तर त्याला अडवू नका. फक्त सगळे पैसे लेथवर घालू देऊ नका. निम्मे राखून ठेवायला सांगा : पटाश्या, चक, ढाल आणि मुख्य म्हणजे धार लावायला ग्राइंडर त्यातूनच यायचे आहेत. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ओरबाडतं. आणि डायल गेज तेवढा माळ्यावर टाका.